सुटलेले पोट, अडलेला पाळणा

आमच्या कपाटात दोन फायली होत्या. बायकोची चांगली चार बोटे जाड. सोनोग्राफी, हार्मोन्सच्या तपासण्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, एकदा भूल देऊन दुर्बिणीतून तपासणी. हे सारे साडेतीन वर्षांतले. माझ्या फायलीत एकच कागद होता, विम्यासाठी काढलेला कार्डिओग्राम!

माझे वजन तेव्हा १०४ किलो, उंची ५ फूट ७ इंच. आपल्याकडे अशा माणसाला लठ्ठ म्हणत नाहीत, ‘लग्न मानवलं हो’ म्हणतात. आई कौतुकाने पोळीवर तूप ओढायची. बायकोने सोळा सोमवार करावेत, असे सुचवणारे नात्यात पुष्कळ होते. नवऱ्याने वीर्य तपासून घ्यावे, असे कुणी म्हटले नाही. एका डॉक्टरांनी म्हटले होते, पण ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणून मीच ते उडवून लावले. खरे सांगायचे तर भीती वाटत होती.

पुढे ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यांनी ती जाड फाईल चाळून मिटली आणि म्हणाल्या, ‘‘आता यांची तपासणी. तोवर हिला मी सुईसुद्धा टोचणार नाही.’’

अहवाल आला. एका मिलिलिटरमध्ये ९० लाख शुक्रजंतू. ऐकायला आकडा मोठा, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली किमान संदर्भ पातळी १ कोटी ६० लाखांची आहे. हालचालही मंद. काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेच. त्या रात्री बायको काहीच बोलली नाही. तिने बोलावे, भांडावे, असे मला फार वाटले.

पोटाचा आणि याचा काय संबंध, हे बाईंनी शांतपणे समजावले. चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातले एक विकर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. इस्ट्रोजेन वाढले की मेंदूला वाटते, पुरेसे काम चालले आहे, आणि तो वृषणांना धाडायचे संदेश कमी करतो. शिवाय शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. मांड्या आणि ओटीपोटावरची चरबी तिथे ऊब धरते. माझे घोरणेही त्यांनी सोडले नाही. झोपेत श्वास अडकत असेल तर त्याचाही संप्रेरकांवर परिणाम होतो, म्हणाल्या. अर्थात प्रत्येक जाड माणसाला ही अडचण येते असे नाही, आणि सडपातळ माणसाला येत नाही असेही नाही.

एका मित्राने व्यायामशाळेत मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनची शिफारस केली. बाई खुर्चीतून उठल्याच! बाहेरून हे संप्रेरक घेतले की मेंदू वृषणांना कामच सांगत नाही, शुक्रजंतू शून्यावरही जाऊ शकतात. मूल हवे असणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आज केलेल्या पथ्याचा गुण तीन महिन्यांनी दिसतो. मी चालू लागलो, रात्रीचा भात सोडला, फरसाण सोडले (हे सगळ्यांत अवघड), सिगारेटही सोडली. डेन्मार्कमधल्या ५६ लठ्ठ पुरुषांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या कमी उष्मांकांच्या आहाराने त्यांचे वजन सरासरी साडेसोळा किलोंनी उतरले आणि शुक्रजंतूंची घनता जवळजवळ दीडपट झाली. ते सारे वैद्यकीय देखरेखीखाली झाले होते. मला तेवढेच वजन उतरवायला नऊ महिने लागले.

नवा आकडा १ कोटी ९० लाख आला. मी पेढे आणायला निघालो होतो, बाईंनी थांबवले. हा आकडा दर तपासणीत खाली-वर होतो, सिगारेटही सुटली आहे, सगळे श्रेय वजनाला देऊ नका, म्हणाल्या. पाळणा अजून हललेला नाही. तपासण्या आता दोघांच्या नावाने, एकाच फायलीत जातात.

गेल्या महिन्यात एका लग्नात पंगतीला बसलो असताना एका काकूंनी नेहमीप्रमाणे बायकोकडे वाकून विचारले, ‘‘काय गं, काही विशेष?’’

तिच्याआधी मीच म्हणालो, ‘‘काकू, औषधपाणी माझं चालू आहे. दोष माझ्यात निघालाय.’’

काकूंना काय बोलावे सुचेना. शेवटी त्यांनी माझ्या पानात दोन जिलब्या टाकल्या. बायकोने त्यातली एक उचलून आपल्या पानात घेतली.