जिफ: दोन सेकंदांची कला, आपल्या अंगणातली

वाशीहून लोकल सुटते न सुटते तोच डब्यातल्या मोबाईलवर गुलाब उमलू लागतात, चहाच्या कपातून वाफ निघू लागते, गणपती हात वर करून आशीर्वाद देऊ लागतो. 'शुभ सकाळ'च्या या जिफना कुणी कला म्हणत नाही. म्हणायला हवं! का, ते वाचा.

वेबपेक्षा थोरली
जिफचा जन्म १९८७चा. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने ती घडवली. वेब जगासाठी खुलं झालं १९९१ मध्ये!

रंग मोजके, कसब मोठं
एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग, आवाज तर नाहीच. मग कलाकार दोन रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी मांडतो आणि डोळ्याला तिसराच रंग दिसतो.

न संपणारी फेरी
१९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरने जिफला अखंड फिरत राहण्याची सोय दिली. तेव्हापासून खरी कसोटी एकच: शेवटची चौकट पहिलीशी अशी जुळवायची, की सांधा दिसता कामा नये.

मांजरीचा भाव
इंद्रधनुष्य सोडत उडणाऱ्या मांजरीची 'न्यान कॅट' ही जिफ क्रिस टोरेस यांनी २०११ मध्ये काढली. २०२१ मध्ये तिची डिजिटल मालकी सुमारे सहा लाख डॉलरना विकली गेली.

कल्याणची जादू
चित्रांना हलवण्याची हौस आपल्या अंगणातही जुनीच. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत आला १८९६ मध्ये. त्याआधीच, १८९२ पासून, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' दाखवत होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा आणि पडद्यावर हलणारी पुराणकथा!

फाळक्यांचं रोप
'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी उगवणाऱ्या वाटाण्याचं रोप एकेक चौकट करून टिपलं. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली. आजच्या उमलत्या गुलाबाचा हा थेट पूर्वज.

पिंगुळीचा पट
कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. एकामागून एक चित्र पुढे येतं, कथा गाण्यातून सरकते. चौकटींची ही कला कोकणाने पिढ्यान्पिढ्या जपली आहे.

वाशीचा मान
वाशीचं नाट्यगृह विष्णुदास भावे यांच्या नावाचं. १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक रंगवणाऱ्या भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्ये यांनी त्या जुन्या बाहुल्या पुन्हा नाचत्या केल्या. निर्जीवाला हालचाल देणाऱ्या कलावंताचं नाव आपल्या गावात रोज झळकतं!

आता तुमची पाळी
ठाणे खाडीत ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०२२ मध्ये ही खाडी रामसर करारातली पाणथळ जागा म्हणूनही नोंदली गेली. हिवाळ्यात पक्षी उतरले की मोबाईलवर सलग दहा फोटो काढा, जिफ बनवणाऱ्या ॲपमध्ये जोडा. चिखलात चोच घालणारा एक फ्लेमिंगो पुरेसा आहे. मान खाली, मान वर, पुन्हा खाली. सांधा शोधूनही सापडला नाही, तर खुशाल म्हणा: जमली!