घोषवाक्य पाठ, रस्ता कच्चा

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की शाळाशाळांत चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यं, प्रभातफेरी ठरलेली. सोलापूरही त्याला अपवाद नाही. सिग्नलचे रंग पाठ झाले की पोर रस्त्यावर सुरक्षित, हा त्यामागचा समज. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी खेळ, प्रतिकृती आणि तक्ते वापरून शिकवलं. मुलं उत्तरं बरोबर देऊ लागली. मग खजिना शोधण्याच्या खेळात त्यांना खऱ्या रहदारीजवळ नेलं, तर वागण्यात काडीचा फरक नाही! हा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला.

वागणं बदलतं ते रस्त्यावरच्या सरावाने. ग्लासगोत सुरू झालेल्या ‘कर्बक्राफ्ट’ उपक्रमात स्वयंसेवक पाच ते सात वर्षांच्या मुलांना लहान गटांत थेट रस्त्याकडेला नेतात. ओलांडायला जागा कुठली निवडायची, उभ्या गाड्यांमधून कसं निघायचं, चौकात काय पाहायचं, एवढ्या तीनच गोष्टी. पण पुन्हा पुन्हा.

आपल्याकडे धडे मात्र इथलेच हवेत. गाळप हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतात. पहिली पुढे सरकली की पोराला वाटतं, गेली गाडी. दुसरी अजून यायचीच असते. ‘आधी उजवीकडे बघ’ एवढंच शिकलेल्याला डावीकडून राँग साइडने घुसणारी दुचाकी दिसत नाही. तक्त्यावर यातलं काय असतं?

‘चौथी-पाचवीतलं पोर आपलं आपण बघतं,’ हेही खरं नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या प्रयोगांत प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी 32 किलोमीटरपेक्षा वेगात येणारी गाडी नीट जोखता आली नाही. पुणे-हैदराबाद महामार्गावर 32 चा वेग दिसतो तो ट्रॅक्टरचाच. तिथे पोराला एकट्याने ओलांडायला लावणं हा मोठ्यांचा गुन्हा.

आणि दुचाकीवर पोराला मागे बसवताना, ‘इथंच तर जायचंय, पोराला कशाला हेल्मेट?’ कायदा अंतर विचारत नाही. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट लागतंच. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठी 15 फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेट आणि हार्नेस सक्तीचे आहेत, दुचाकीची वेगमर्यादा ताशी 40 किलोमीटर.

मुख्याध्यापकांनो, यंदा स्पर्धेचा एक तास वाचवा. पहिली-दुसरीच्या मुलांना तिघा-तिघांच्या गटाने, सोबत एकेक पालक देऊन, रस्ता ओलांडण्याच्या सरावासाठी शाळेच्या फाटकाबाहेर न्या.