पंचवीस सेंटची शिस्त

बर्लिन

शनिवार हा इथला बाटल्यांचा वार. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे आठवड्याचं सामान आदल्या दिवशीच भरायचं आणि जाताना रिकाम्या बाटल्यांची भलीमोठी पिशवी बरोबर न्यायची. सुपरमार्केटच्या कोपऱ्यात भिंतीत एक गोल तोंडाचं यंत्र असतं. त्यात बाटली आडवी सारली की पट्टा ती आत ओढतो, यंत्र वेष्टनावरची खूण तपासतं, आणि आतून चेंदामेंदा झाल्याचा आवाज येतो. शेवटी बटण दाबलं की पावती मिळते. तेवढी रक्कम गल्ल्यावर बिलातून वजा होते. रांगेत तरुण पोरं असतात, सुटाबुटातले असतात, काठी टेकत आलेल्या आजीबाईही असतात. कोणाच्या चेहऱ्यावर पर्यावरणसेवेचं तेज वगैरे मला अद्याप दिसलेलं नाही. आपले पैसे परत घ्यायला सगळे आलेले असतात.

या अनामत रकमेला इथे ‘फांट’ म्हणतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर 25 सेंट, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. पाण्याची साधी बाटली कधीकधी त्याहून स्वस्त असते. आतल्या पाण्यापेक्षा रिकाम्या बाटलीची किंमत जास्त! अशा शंभर बाटल्यांतल्या 98हून अधिक परत येतात. कोणत्याही दुकानातून घेतलेली बाटली कोणत्याही मोठ्या दुकानात चालते. अट एकच, ती चेपलेली नको आणि वेष्टन शाबूत हवं. आपल्याकडे बाटली वापरून झाली की चुरगाळून टाका, अशी सूचना तिच्यावरच छापलेली असते. इथे नव्यानं आलेली आपली मंडळी त्या सवयीनं सुरुवातीला बरेच सेंट चुरगाळतात.

जर्मन माणूस जात्याच शिस्तीचा, हे आपण फार लवकर मानून टाकतो. ही शिस्त कायद्यानं आणि भांडणानं आली. 1991 साली केंद्रीय पर्यावरणमंत्री क्लाउस ट्योपफर यांनी वेष्टनांविषयीचा नियम केला. पेयांच्या वेष्टनांत पुन्हा भरायच्या बाटल्यांचं प्रमाण 72 टक्क्यांखाली घसरलं, तर एकदाच वापरायच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर सक्तीची अनामत लागेल, अशी त्यात टांगती तलवार होती. प्रमाण घसरलं. उद्योगांनी कोर्टकचेऱ्या केल्या, पण ग्रीन पक्षाचे मंत्री युर्गेन ट्रिटिन हटले नाहीत आणि 1 जानेवारी 2003 रोजी अनामत सुरू झाली. पहिली काही वर्षं गोंधळाचीच गेली. काही साखळी दुकानं फक्त आपल्याकडच्या बाटल्या परत घेत. 2006 साली ती पळवाट बंद झाली.

आता या यशातली मेख. अनामत आणली ती पुन्हा भरायच्या बाटल्या वाचवायला, आणि नेमक्या त्याच वाचल्या नाहीत. सरकारचं उद्दिष्ट 70 टक्क्यांचं आहे, प्रत्यक्षात आकडा चाळिशीत घुटमळतो. स्वस्त साखळी दुकानांना एकदाच वापरायची बाटली सोयीची पडते: हलकी, परत आली की चिरडायची, गठ्ठे बांधायचे, विकायचे. ग्राहकालाही वाटतं, मी बाटली परत दिली, माझं कर्तव्य झालं. परत न आलेल्या बाटल्यांची अनामत बाटलीत पेय भरणाऱ्यांकडेच राहते, हा आणखी वेगळाच धर्मादाय.

खरी गंमत जुन्या काचेच्या बाटलीत आहे. 1969 साली ग्युन्टर कुपेट्झ यांनी सोडावॉटरसाठी एक बाटली आखली. मध्ये कंबर, वर काचेचे बारीक मणी. ती देशभरच्या झऱ्यांच्या कंपन्यांनी सामायिक वापरायला घेतली. बाटली कोणाची हा प्रश्नच नाही, जो जवळचा कारखाना तो ती धुऊन भरतो. अशी बाटली पन्नासेक वेळा भरता येते. हल्ली बियरवाल्यांना मात्र आपलं नाव कोरलेली स्वतंत्र बाटली हवी असते. मग बव्हेरियाची बाटली बर्लिनमध्ये रिकामी झाली की ट्रकात बसून पुन्हा घरी जाते. नावाच्या हौसेला डिझेल किती लागतं, हे बाटलीवर छापत नाहीत.

काचेच्या बियरच्या बाटलीवर अनामत फक्त 8 सेंट. वीस बाटल्यांचा क्रेट धरून 3 युरो 10 सेंट होतात. 2018च्या कडक उन्हाळ्यात, त्यातून फुटबॉलचा विश्वचषक, लोकांच्या तळघरांत रिकामे क्रेट साचले आणि बोखुम शहरातल्या मोरित्झ फीगे या बियर कारखान्याला ग्राहकांना जाहीर विनवणी करावी लागली: सुट्टीवर जाण्याआधी आमचे क्रेट परत करा. बियर तयार होती, भरायला बाटल्या नव्हत्या. 25 सेंटसाठी धावणारा माणूस 8 सेंटसाठी जिना उतरत नाही.

पण त्या 8 सेंटसाठी कोणीतरी रात्रभर चालतं. संध्याकाळी बागेत, स्टेशनांवर, फुटबॉलच्या मैदानाबाहेर हातात विजेरी घेऊन केशरी कचरापेट्या तपासणारी माणसं दिसतात, त्यांतली बरीच पेन्शनवर भागत नाही अशी. कचऱ्यात हात घालायची वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून लोक बाटली पेटीत न टाकता शेजारी उभी ठेवतात. पाउल केट्झ या डिझायनरनं तर पेटीभोवती बसवायचं बाटल्यांचं कडं तयार केलं आणि काही शहरांनी ते लावलं. सौजन्य खरंच आहे. पण श्रीमंत देशातल्या म्हातारपणाची सोय कचरापेटीच्या कड्यावर होते, हे पाहून मला दर वेळी अवघडायला होतं.

आपल्याकडे गोव्यानं 2024 साली अशीच अनामत योजना अधिसूचित केली. महाराष्ट्रानं 2018च्या प्लास्टिकबंदीत बाटलीवर एक-दोन रुपयांची अनामत लिहिली होती. ती कागदावर राहिली. फरक एवढाच, की जर्मनीत यंत्र आलं तेव्हा बाटलीवर कोणाचं पोट नव्हतं. पुण्यात ‘स्वच्छ’सारख्या सहकारी संस्थेतल्या कचरावेचक बायकांचं आहे. बाटली थेट दुकानात परत गेली तर भंगाराच्या तराजूत त्यांच्या वाट्याला काय राहणार, हे योजना आखणाऱ्यांनी आधी विचारावं.

इकडे वाद आता कॉफीच्या पेल्यावर आलाय. 2023पासून बरोबर न्यायचं खाणं विकणाऱ्या बहुतेक हॉटेलांना धुऊन वापरायच्या भांड्यांचा पर्याय ठेवावाच लागतो. पर्याय असतो, मागणारे विरळा. ट्युबिंगेनचे महापौर बोरिस पाल्मर यांनी मात्र 2022मध्ये वेगळा मार्ग धरला: एकदाच वापरायच्या पेल्यावर 50 सेंट कर, काट्या-चमच्यावर 20 सेंट. मॅकडोनाल्ड्सची तिथली शाखा चालवणारी व्यक्ती कोर्टात गेली आणि प्रकरण थेट जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत पोचलं. जानेवारी 2025मध्ये शहराच्या बाजूचा निकाल जाहीर झाला. हा कर अनामत नाही, त्यातला एकही सेंट परत मिळत नाही. त्याच महिन्यापासून कोन्स्टान्झनंही असाच कर लावला, आणि आता इतर शहरांचे नगरसेवक आपापली गणितं मांडतायत.