थट्टेचे नाते : पुणे–बेंगळूर मार्गावरील मालट्रकचालकांच्या संभाषणाचा विचार

लोकवाङ्मयाच्या मराठी अभ्यासाने ओवी, उखाणा, हुमान, लावणी, म्हण या प्रकारांना शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. त्यांचा पाठ बोलणाऱ्यापासून वेगळा काढता येतो, उतरवून घेता येतो आणि दुसऱ्या पाठाशेजारी ठेवून ताडून पाहता येतो. कष्टकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातील थट्टेला असा सुटा पाठ नसतो. ट्रकच्या पाठीवर रंगवलेली वाक्ये कुणालाही वाचता येतात. त्यांतील ‘हॉर्न ओके प्लीज’ हे वाक्य तर इतके सर्वपरिचित, की २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाला ते लिहिण्यास मनाई करावीशी वाटली. परंतु त्याच ट्रकच्या सावलीत बसून चालणारे बोलणे मात्र त्या दुपारीच विरून जाते. प्रस्तुत लेखाचा विषय हे विरून जाणारे बोलणे होय.

थट्टा म्हणजे विनोद नव्हे आणि टिंगलही नव्हे. विनोद ऐकणाऱ्याला हसवतो. ज्याच्यावर तो केला आहे तो समोर असावाच लागतो असे नाही. टिंगलीत तो समोर असला तरी त्याला उत्तराचा अधिकार नसतो. थट्टेत मात्र तो समोर असावा लागतो, त्याने राग मानू नये अशी अपेक्षा असते आणि त्याने परतफेड करावी असाही संकेत असतो. हा तिहेरी संकेत पाळला जातो तेव्हा दोन अपरिचितांमध्ये एक नाते उभे राहते. पुणे–बेंगळूर मार्गावरील मराठी आणि कन्नड मालट्रकचालकांच्या बाबतीत हे नाते केवळ करमणुकीचे नाही. दोन राज्यांमधील वादाचा भार रोजच्या व्यवहारात जी थोडी साधने हलका करतात, त्यांपैकी ते एक आहे.

या नात्याची भूमी प्रथम पाहिली पाहिजे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणून ओळखला जाणारा आणि २०१० च्या फेररचनेनंतर ४८ हा क्रमांक मिळालेला हा रस्ता सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर अशा गावांना जोडत सुमारे ८४० किलोमीटरांवर बेंगळूरला पोहोचतो. कांद्याची गाडी यशवंतपूरच्या बाजार आवारात रिकामी होते. किरकोळ मालाची गाडी कलासिपाळ्यातील वाहतूक कार्यालयांकडे किंवा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे वळते. माल उतरला की चालकाचे काम संपते, प्रवास मात्र संपत नाही. परतीचे भाडे मिळेपर्यंत रिकामी गाडी हलवणे परवडत नाही. ही वाट पाहणे काही तासांचे असते, कधी दोन-तीन दिवसांचेही असते. टायर ठोकून पाहणे, ताडपत्री वाळवणे, दोर गुंडाळणे, स्टोव्हवर भात लावणे, दाढी, आंघोळ, पत्ते आणि झोप अशा कामांत तो वेळ जातो. शेजारची गाडी कुणाची आहे हे योगायोगावर अवलंबून असते. परंतु रात्री तिच्या चालकाच्या भरवशावर आपली गाडी सोडून जेवायला जावे लागते आणि स्टेपनी बदलताना त्याचाच जॅक मागावा लागतो. विश्वास ताबडतोब हवा असतो आणि ओळख वाढवायला सवड नसते. थट्टा या अडचणीवरचा तोडगा आहे.

मानवशास्त्राने या तोडग्याची उपपत्ती फार पूर्वी मांडली आहे. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर लिहिलेल्या निबंधात असे दाखवले, की ज्यांच्यामध्ये जवळीक आणि अंतर ही दोन्ही एकाच वेळी असतात, त्यांच्यात थट्टा ही सामाजिक रीत म्हणून रूढ होते. सासुरवाडीची नाती हे याचे ठळक उदाहरण. विवाहाने दोन घराणी जोडली जातात, पण त्यांचे हितसंबंध वेगळेच राहतात. संभाव्य वैर थट्टेच्या रूपाने खेळवत ठेवले, की ते खरे वैर होत नाही. मालट्रकचालकांची संबोधने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. कोल्हापूर-सांगलीकडील चालक अनोळखी माणसाला ‘पावणं’ म्हणून हाक मारतो. या शब्दात अतिथी आहे, तसा सोयराही आहे. वाहतूक पोलिसाला मराठीत ‘मामा’ म्हणतात आणि बेंगळूरच्या बोलीतही त्याच शब्दाने त्याचा उल्लेख होतो. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींमधील संधिप्रदेश मानले. मामाच्या मुलीशी विवाह ही रीत दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखीच ओळखीची आहे. त्यामुळे ‘मामा’ आणि ‘पावणं’ या हाकांतील गमतीचा अर्थ सीमेच्या दोन्ही बाजूंना न सांगता समजतो. शब्द दोन भाषांतले असले तरी नात्याचे व्याकरण एकच आहे.

या संभाषणाची भाषा कोणती, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. महामार्गावरच्याच धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी आणि काव्याची भाषा कन्नड होती. तौलनिक साहित्याभ्यासाला परिचित असलेली द्वैभाषिकता ही अशी असते : दोन्ही भाषांवर प्रभुत्व आणि दोन्ही परंपरांचे भान. मालट्रकचालकाची द्वैभाषिकता याच्या उलट टोकाची आहे. त्याला दुसऱ्या भाषेतील थोडेच शब्द येतात, परंतु नेमक्या त्या अपुरेपणातून तो खेळ उभा करतो. मराठीत ट्रकच्या माल भरण्याच्या भागाला ‘हौदा’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘हौदु’ म्हणजे होय. जेवणाला कन्नडमध्ये ‘ऊटा’ म्हणतात आणि ‘ऊटा आयिता?’, म्हणजे जेवण झाले का, ही तेथील नित्याची विचारपूस आहे. नुकत्याच आडव्या झालेल्या मराठी कानाला ती ‘ऊठ’ अशी आज्ञा वाटू शकते. बेंगळूरच्या तरुण बोलीत मित्राला ‘मगा’ म्हणतात, म्हणजे पोरा. मराठी माणूस ते ‘मग?’ असे ऐकून पुढची हकीकत सांगू लागला, तर थट्टेला निमित्त मिळते. अशा जागी चूक झाकायची नसते, तिच्यावरच बोलणे पुढे न्यायचे असते. भाषा न येणे हा एरवी कमीपणा आहे. थट्टेत मात्र तो दोघांच्या समाईक मालकीचे भांडवल होतो, कारण दोघेही सारखेच अडाणी असतात.

या दोघांमध्ये एक तिसरी भाषा मध्यस्थ म्हणून वावरते. ती म्हणजे दखनी. बेंगळूरमधील अनेक मुसलमान कुटुंबांची ही घरची बोली तेथील कारागिरांच्या आणि बाजाराच्या बोलण्यातही ऐकू येते. तिच्यातील ‘नक्को’ हा शब्द मराठी ‘नको’चेच रूप आहे. म्हणजे कोल्हापूरचा चालक ज्या भाषेला परकी समजून तडजोडीने वापरतो, तिच्यात त्याच्या पूर्वजांचा नकार आधीच मुरलेला असतो.

बेंगळूरला बहुभाषिक वाक्चातुर्याची आणखी एक जुनी आठवण आहे. १६३८ नंतर बेंगळूर शहाजीराजे भोसले यांच्याकडे आले. त्यांच्या दरबाराशी निगडित असलेले जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात संस्कृताबरोबर अनेक देशी भाषांतील रचना आणि समस्यापूर्ती आहेत. दरबारी समस्यापूर्ती आणि ट्रकतळावरील थट्टा यांच्यात परंपरेचा धागा आहे असे म्हणण्यास आधार नाही, आणि तशी गरजही नाही. परंतु रचनेची तुलना उद्बोधक ठरते. दोहोंत एकाने अपुरे वाक्य टाकायचे आणि दुसऱ्याने ते तत्काळ पुरे करायचे असते. भेद पारितोषिकाचा आहे. दरबारात जिंकणाऱ्याचा मान वाढतो. तळावर कुणी निर्णायकपणे जिंकला तर खेळच मोडतो. म्हणून तेथे शेवटचा शब्द कुणाचाच न राहू देणे हे कौशल्य ठरते.

थट्टेचा विषय पुष्कळदा माणूस नसून गाडी असते, हीही एक मर्यादाच आहे. चालकाचे गाडीवरील वेड सर्वज्ञात आहे. टेल्कोने डायम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. १९४८ मध्ये स्थापन झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. योगायोग असा, की या मार्गाच्या एका टोकाला पिंपरी-चिंचवड येथे टाटांचा कारखाना आहे, तर दुसऱ्या टोकाजवळ, बेंगळूरहून तमिळनाडूत शिरताच लागणाऱ्या होसूर येथे, लेलँडचा कारखाना १९८० पासून आहे. १९९८ पासून बेंगळूरजवळच्या होसकोटे येथे व्होल्वोचे ट्रक तयार होऊ लागले आणि या वादात तिसरा पक्ष आला. टाटा की लेलँड, हा वाद सुटावा म्हणून घातला जात नाही. घाटात कोणती गाडी दम धरते, कुणाचा पाटा आधी तुटतो, कोणते इंजिन आवाजावरून ओळखू येते, या प्रश्नांच्या आडून चालक स्वतःच्या कसबाविषयी बोलत असतो. गाडीला नावे ठेवता येतात, कारण त्यामुळे माणूस दुखावला जात नाही. गाडीची स्तुती करता येते, कारण त्यामुळे आत्मस्तुतीचा दोष लागत नाही. दसऱ्याच्या सुमारास ही अदलाबदल विशेष जाणवते. महाराष्ट्रात खंडेनवमी-दसऱ्याला आणि कर्नाटकात आयुधपूजेला गाडी धुऊन, हार घालून पूजली जाते. कर्नाटकात केळीचे खुंट बांधून कोहळा फोडतात. ज्या वस्तूची एका दिवशी पूजा होते, तिचीच उरलेल्या दिवसांत थट्टा होते, यात विसंगती नाही. जवळच्या माणसाशीही आपण असेच वागतो.

क्लीनर, म्हणजे चालकांच्या बोलीतील ‘किन्नर’, या खेळात सर्वांत खाली असतो. तो चालकाला ‘उस्ताद’ म्हणतो, गाडी धुतो, मागे उभा राहून अंतर सांगतो आणि सर्वांची थट्टा सोसतो. त्याला परतफेडीची मुभा नसते तोवर ती थट्टा खऱ्या अर्थाने थट्टा नसून टिंगलच होय. ही विषमता नजरेआड केल्यास तळावरील सलोख्याचे चित्र खोटे ठरेल. ज्या दिवशी त्याचे उलट उत्तर हसून स्वीकारले जाते, तो दिवस त्याची उमेदवारी संपत आल्याची खूण मानता येईल.

या साऱ्याची कसोटी नंबरप्लेटवर लागते. चालकांच्या बोलीत गाडीची ओळख ‘पासिंग’वरून होते. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच १० म्हणजे सांगली, केए २२ म्हणजे बेळगाव. तळावर ही अक्षरे माणसाचे टोपणनाव होतात आणि त्यांच्यावरून थट्टा होते. केए २२ पासिंगच्या गाडीतून अस्खलित मराठी बोलणारा चालक उतरला, की अक्षरे आणि माणूस यांचा मेळ बसत नाही, आणि तो न बसणे हाच गमतीचा विषय असतो. परंतु ६ डिसेंबर २०२२ रोजी, सीमावाद तापलेला असताना, बेळगावजवळील हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्याच सुमारास पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. दगड मारणाऱ्यांना चालक कोण, कुठल्या भाषेचा, हे ठाऊक नव्हते. त्यांनी केवळ अक्षरे वाचली. थट्टा आणि दगड दोन्ही त्याच पाटीवर पडतात. फरक एवढाच, की थट्टेला समोरच्याचे उत्तर हवे असते आणि दगडाला नको असते. पाटीच्या अर्थाला राजकारण एका टोकाला ताणत असताना तळावरील बोलणे तो अर्थ रोज थोडा थोडा झिजवत असते. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याने जो प्रश्न मिटलेला नाही, तो ही थट्टा मिटवू शकत नाही. तिच्यामुळे तो प्रश्न दोन माणसांच्या मधोमध येऊन बसत नाही, इतकेच.

हे बोलणे ज्या थांबण्यावर पोसले गेले, ते थांबणे आता आटत आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर विक्रीकराचे सीमानाके उठले. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलवरील रांगा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. परतीचे भाडे मोबाईलवर ठरू लागले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली. यांतील प्रत्येक बदल चालकाच्या हिताचा आहे. नाक्यावरची रांग म्हणजे चिरीमिरी, धूळ आणि बुडालेली मजुरी होती; तिच्याविषयी हळहळ वाटण्याचे कारण नाही. तथापि बंद काचेच्या आत बसलेल्या एकट्या चालकाला शेजारच्या गाडीतील माणसाशी बोलण्याचे निमित्त उरत नाही, हेही तितकेच खरे. ज्या त्रासातून सुटका झाली, त्याच त्रासाने जोडलेले नाते त्याच्याबरोबर सैल होत आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना येथे पद्धतीविषयी एक बोध घेता येईल. मराठी आणि कन्नड यांची तुलना बहुधा ग्रंथ, संप्रदाय आणि भाषांतर यांच्या आधारे केली जाते. तेथे दोन पूर्ण भाषा गृहीत धरल्या जातात. थट्टेत तुलनेचे एकक भाषा नसून एक देवाणघेवाण असते, आणि तिचा अर्धा भाग वगळला तर उरलेल्या अर्ध्याला अर्थ राहत नाही. तिचे भाषांतर केले तर ‘हौदा’ आणि ‘हौदु’ यांतील अंतर नाहीसे होते आणि त्याबरोबर थट्टाही नाहीशी होते. म्हणून तिची नोंद घेताना दोन्ही बाजूंची वाक्ये, मधले थांबे, चुकलेले उच्चार आणि हसण्याची जागा यांसह घेतली पाहिजे. बोलणाऱ्यांची संमती तर हवीच. यशवंतपूरच्या आवारात अजून कांद्याच्या गाड्या रिकाम्या होतात आणि परतीच्या भाड्याची वाट पाहिली जाते, तोवर हे काम शक्य आहे.