परत आलेले पाषाण

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नदीच्या गाळात गाडले गेलेले वृक्ष ज्वालामुखीच्या राखेतील सिलिका शोषून येथे रंगीत पाषाण झाले. १९०६ पासून हे स्थळ संरक्षित आहे. तरीही काही पर्यटक तुकडे खिशात घालतात. पुढे मन खाऊ लागले की क्षमापत्रासह टपालाने परत पाठवतात. परंतु तुकडा नेमका कोठून उचलला हे अज्ञात असल्याने तो पुन्हा मूळ जागी ठेवता येत नाही; भलत्या जागी ठेवल्यास अभ्यासकांची दिशाभूल होते. म्हणून अशा पाषाणांचा निराळा ढीग रचलेला आहे. खासगी जमिनीतील असेच तुकडे उद्यानाबाहेरील दुकानांत रीतसर विकत मिळतात. हौस तेथे भागवावी. उद्यानातला पाषाण डोळे भरून पाहावा आणि जागच्या जागी राहू द्यावा.