औषध तेच, रोग मात्र शिरजोर

पावसाळ्याचे दिवस. शेडमधली तीन-चार आठवड्यांची पिल्ले पिसे फुलवून, माना टाकून कोपऱ्यात बसलेली. खाद्य तसेच पडून आणि खाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर विष्ठेत रक्त. कुक्कुटपालन करणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. ही रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिओसिस. तो धावतपळत औषध आणतो, पाण्यात मिसळून देतो. मागच्या खेपेला याच औषधाने दोन दिवसांत गुण आला होता. या वेळी मात्र मरतूक थांबत नाही. औषध बनावट तर नाही ना, अशी शंका त्याला येते. पण पुष्कळदा औषध अस्सलच असते. बदललेला असतो तो रोगाचा जंतू.

एकाचे हजारो

हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशी परजीवीमुळे होतो. कोंबड्यांत त्याच्या सात जाती प्रमुख मानल्या जातात. प्रत्येकीने आतड्याचा आपापला भाग जणू वाटून घेतलेला असतो. रक्त पडते ते बहुधा ‘आयमेरिया टेनेला’ या जातीमुळे. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून या जंतूचे कवचबंद बीजकोश बाहेर पडतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते रोग पसरवण्यास सज्ज होतात. दुसऱ्या पिल्लाने तूस उकरताना ते गिळले की आठवड्याभरात एकाचे हजारो होऊन बाहेर पडतात. कवच इतके चिवट, की नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही.

औषधांची शर्यत

१९३९ साली अमेरिकेत पी. पी. लेव्हिन यांनी सल्फा औषध या रोगावर चालते, असे दाखवून दिले. १९४८ पासून तिथे सल्फाक्विनॉक्झालिन हे औषध खाद्यातच मिसळले जाऊ लागले. रोगाची वाट न पाहता रोजच्या दाण्यातून औषध! एका छपराखाली हजारो पक्षी वाढवणे शक्य झाले, त्यात या युक्तीचा वाटा मोठा होता.

पण रोजच्या औषधाने जंतूंची निवडही रोजच होऊ लागली. औषधाला बळी पडणारे जंतू मरत आणि अपघाताने थोडे वेगळे निपजलेले वाचत. त्यातून या जंतूच्या बहुतेक आयुष्यात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. त्यामुळे औषध पचवण्याचा गुण एकदा आला की तो दबून राहत नाही, लगेच उपयोगी पडतो. १९६० च्या दशकात आलेली क्विनोलोन गटातील कॉक्सिडियाविरोधी औषधे सुरुवातीला फार प्रभावी वाटली. तीही पाहता पाहता बोथट झाली.

१९७१ मध्ये अमेरिकेत मोनेन्सिन बाजारात आले. मातीत सापडणाऱ्या एका जीवाणूपासून मिळणारे हे औषध. गंमत अशी, की ते सगळेच्या सगळे जंतू मारत नाही. थोडे निसटतात आणि त्यांच्याशी झुंजता झुंजता पक्ष्याची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होते. त्यामुळे या गटातील औषधे पुष्कळ वर्षे टिकली. मात्र त्यांनाही दाद न देणारे जंतू अखेर सापडलेच.

हा खेळ किती महाग आहे? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०१६ च्या किमतींनुसार जगभराच्या नुकसानीचा अंदाज सुमारे १० अब्ज पौंड इतका काढला गेला. मेलेल्या पक्ष्यांबरोबरच खुंटलेली वाढ, वाया गेलेले खाद्य आणि औषधांचा खर्च, हे सारे त्यात आले.

मग उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे एकच औषध वर्षानुवर्षे न वापरणे. बॅच बदलताना औषधाचा गट बदलायचा, किंवा एकाच बॅचमध्ये सुरुवातीच्या व नंतरच्या खाद्यात वेगवेगळी औषधे ठेवायची. इथे डबीवरचे नाव बदलून भागत नाही. नावे दोन असली तरी औषध एकच असू शकते.

दुसरा उपाय लशीचा. अमेरिकेत १९५२ पासून अशी लस मिळू लागली. पुढे जोर कमी केलेल्या जंतूंच्या लशीही निघाल्या. लशीतले जंतू औषधाला दाद देणारे असतील, तर शेडमध्ये त्यांचाच भरणा होतो आणि निकामी झालेल्या औषधाला पुन्हा धार येऊ शकते, असे दिसून आले आहे.

तिसरा उपाय सर्वांत साधा. तूस कोरडे ठेवणे, पाण्याची भांडी गळू न देणे, हवा खेळती ठेवणे आणि शेडमध्ये दाटी न करणे. ओल नसेल तर बीजकोश तयारच होत नाहीत. औषधाच्या मात्रेचा निर्णय मात्र पशुवैद्यकाचाच हवा. अंदाजाने कमी-जास्त दिलेले औषध जंतूंनाच शिकवून सोडते.

घरच्यांना धोका?

कोंबडीचा आयमेरिया माणसाच्या आतड्यात घर करत नाही. त्यामुळे या रोगाच्या भीतीने ताटातली कोंबडी दूर सारण्याचे कारण नाही. ती नीट शिजवावी, हे मात्र इतर जंतूंसाठी पाळायलाच हवे. औषधाचा अंश मांसात राहू नये म्हणून काही औषधे विक्रीपूर्वी ठरावीक दिवस आधी बंद करावी लागतात. ते दिवस पाळणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.

तेव्हा औषधाला गुण येत नाही असे दिसले, की आणखी कडक औषध शोधण्याआधी मूठभर तूस हातात घेऊन दाबून पाहावे. त्याचा गोळा झाला, तर रोगाचे मूळ पायाखालीच आहे.