लॅपटॉपचा आवाज अचानक गेला? दुकानात नेण्याआधी ही पाच कामे करून पाहा

विंडोज अपडेट झाले, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि आवाज गायब! ऑनलाइन मुलाखत किंवा मुलांचा क्लास तोंडावर असेल, तर घाम फुटणारच. मात्र, अशा वेळी स्पीकर बिघडलेलाच असतो असे नाही. अनेकदा दोष असतो तो 'साउंड ड्रायव्हर'चा आणि तो घरीच, एक रुपयाही न खर्चता दुरुस्त करता येतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

विंडोज आणि लॅपटॉपमधील ऑडिओ चिप यांच्यातला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. अनेक लॅपटॉपमध्ये रिअलटेक कंपनीची चिप असते. चिप एकच असली, तरी स्पीकर आणि माइकची जोडणी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. त्यामुळे लॅपटॉप कंपन्या आपापल्या मॉडेलसाठी वेगळा ड्रायव्हर देतात. अपडेटमध्ये हा ड्रायव्हर बदलला किंवा नव्या विंडोजशी त्याचे जुळले नाही, की आवाज बंद. डिसेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'डिरॅक' हे ऑडिओ सॉफ्टवेअर असलेल्या काही संगणकांसाठी विंडोज ११ चे २४एच२ अपडेट याच कारणाने रोखून धरले होते.

दोष नेमका कुठे?

आधी वायरचा हेडफोन लावून पाहा. त्यात आवाज येत असेल आणि स्पीकरमधून येत नसेल, तर ड्रायव्हर बहुधा ठीक आहे. संशय स्पीकर किंवा हेडफोनच्या जॅकवर घ्या. यूएसबी हेडफोनमध्ये स्वतःची ऑडिओ चिप असते. त्यामुळे फक्त त्यातूनच आवाज येत असेल, तर लॅपटॉपच्या चिपचा ड्रायव्हर तपासा.

आता या क्रमाने जा

१. आउटपुट तपासा : सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि मग 'साउंड' उघडा. टीव्ही किंवा ब्लूटूथ इअरफोन जोडलेला असेल, तर आवाज तिकडे जात असतो. तिथे लॅपटॉपचे स्पीकर निवडा.

२. सर्व्हिस रीस्टार्ट करा : स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा. यादीतील 'विंडोज ऑडिओ'वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडा.

३. जुन्या ड्रायव्हरवर परता : स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'मध्ये ऑडिओ डिव्हाइस दिसेल. त्यावर खाली जाणारा बाण असेल, तर ते बंद आहे. राइट क्लिक करून 'एनेबल' करा. अपडेटनंतरच आवाज गेला असेल, तर 'प्रॉपर्टीज'मधील 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. हे बटण पुसट दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, असे समजा.

४. काढून पुन्हा बसवा : त्याच डिव्हाइसवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा. ड्रायव्हरही काढायचा का, अशी चौकट आल्यास पहिल्या वेळी टिक करू नका. लॅपटॉप रीस्टार्ट केला, की विंडोज ड्रायव्हर आपोआप बसवते.

५. कंपनीचा ड्रायव्हर घ्या : तरीही आवाज नसेल, तर लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरील 'सपोर्ट' विभागात जा. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल किंवा सीरियल नंबर टाका आणि तुमच्या विंडोजसाठीचा ऑडिओ ड्रायव्हर डाउनलोड करा.

इथे सावध राहा

'फ्री ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणारी सॉफ्टवेअर टाळा. त्यांच्यासोबत नको ते प्रोग्रॅम, प्रसंगी व्हायरसही लॅपटॉपमध्ये शिरतो. सर्चमध्ये सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवरून कोणी स्क्रीन शेअर करणारे अॅप टाकायला सांगितले, तर फोन ठेवा. आवाज दुरुस्त करण्यासाठी ओटीपीची गरज कधीच नसते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

दुकानात कधी न्यावा?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओ डिव्हाइस दिसतच नसेल, स्पीकरमधून खरखर येत असेल किंवा लॅपटॉपवर पाणी सांडले असेल, तर सर्व्हिस सेंटर गाठा. वॉरंटी शिल्लक असेल, तर बाहेर कुठेही लॅपटॉप उघडू देऊ नका. आणि मुलाखत आजच असेल, तर दुरुस्ती नंतर करा. मीटिंगची लिंक मोबाइलवर उघडा.